हिमालयाची बखर

बखर म्हटली म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें गड, स्वाऱ्या आणि तहनामे उभे राहतात. कोणत्या सरदारानें कोणत्या घाटांत कोणाला अडविलें, कोण पडला आणि कोण निसटला, हें सारें लिहून ठेवणारा कोणी तरी चिटणीस असतो, म्हणूनच तो काळ पुढच्या पिढ्यांना दिसतो. पण पर्वताची बखर कोणी लिहावी? पर्वत स्वतः बोलत नाहीं. त्याच्या कुशींत राहणारीं माणसें पोटाच्या धंद्यांत गुंतलेलीं असतात. आणि जे परके लोक त्याच्या माथ्यावर पाय ठेवून परत जातात ते बहुधा स्वतःविषयींच लिहितात. हिमालयाला मात्र असा एक बखरनवीस लाभला. तो म्हणजे कोणी एक मनुष्य नव्हे, तर वर्षाकाठीं एकदां निघणारें एक नियतकालिक होय. त्याचें नांव ‘द हिमालयन जर्नल’. १९२९ सालीं त्याचा पहिला खंड निघाला. मध्यंतरीं महायुद्ध झालें, राज्य बदललें, देशाची फाळणी झाली, संपादक पिढ्यान्‌पिढ्या बदलले. तरी तें चालूंच राहिलें आहे. त्याची ही हकीकत एका वार्षिकाची तर आहेच. पण ज्यांचीं नांवें कोणी लिहिलीं नसतीं अशा माणसांचीही ती हकीकत आहे.

हिमालयाविषयीं आपल्याकडे पूर्वींपासून थोडें लिहिलें गेलें आहे असें नाहीं. कालिदासानें कुमारसंभवाचा आरंभच हिमालयाच्या वर्णनानें केला आणि त्या पर्वताला पृथ्वी मोजण्याच्या दंडाची उपमा दिली. पुराणें, तीर्थमाहात्म्यें, यात्रावर्णनें यांतून बदरी, केदार, कैलास हीं नांवें घरोघर पोंचलीं. परंतु या साऱ्या वाङ्मयांत हिमालय म्हणजे देवांचें वसतिस्थान. तेथें जावयाचें तें दर्शनासाठीं. पृथ्वीच्या त्या मापदंडाचेंच माप घेण्याचें काम एकोणिसाव्या शतकांत सुरू झालें. १८०२ सालीं मद्रासजवळ आरंभलेली त्रिकोणमितीची मोजणी पुढें हिमालयाच्या पायथ्याशीं येऊन ठेपली, आणि १८५२ च्या सुमारास मोजणीखात्याच्या हिशेबांतून असें निष्पन्न झालें कीं, ‘पंधरावें शिखर’ म्हणून वहींत नोंदलेलें शिखर जगांत सर्वांत उंच आहे. त्याची उंची २९,००२ फूट ठरविण्यांत आली. पुढें त्यालाच एव्हरेस्ट हें नांव मिळालें. शिखरांना क्रमांक लागले, नकाशे तयार झाले. पण त्या नकाशांवरच्या पांढऱ्या जागांत कोण गेलें, काय पाहिलें आणि कोण परत आलें नाहीं, हें एकत्र लिहून ठेवण्याची सोय अद्याप कोठेंच नव्हती.

युरोपांत ती सोय तोंपर्यंत झाली होती. लंडन येथें १८५७ सालीं ‘आल्पाइन क्लब’ निघाला. गिर्यारोहकांची ही जगांतील पहिली संस्था. तिचें ‘आल्पाइन जर्नल’ १८६३ सालीं सुरू झालें. पर्वतांतील साहसाची आणि शास्त्रीय निरीक्षणाची नोंद, असें त्याचें दुहेरी ध्येय होतें. हा दुहेरीपणा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. नुसतें साहस लिहिलें तर ती बढाई होते. नुसतें निरीक्षण लिहिलें तर तो सरकारी अहवाल होतो. दोन्हींचा मेळ घालणारें लेखन ही त्या काळीं एक नवीनच गोष्ट होती, आणि हिमालयाच्या वार्षिकानें पुढें तोच कित्ता गिरविला.

तसा हिमालयासाठीं एखादा क्लब असावा ही कल्पना कांहीं नवी नव्हती. काश्मीरच्या महाराजांच्या पदरीं असलेले भूगर्भशास्त्रज्ञ फ्रेडरिक ड्र्यू आणि खोतानपर्यंत जाऊन आलेले मोजणीदार डब्ल्यू. एच्. जॉन्सन या दोघांनीं १८६६ सालींच बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढें ती मांडली होती. पण कल्पना कागदावरच राहिली. पुढें साठ वर्षें गेलीं. १९२७ च्या ऑक्टोबर महिन्यांत सिमल्याच्या जाखू टेकडीमागील पायवाटेवरून दोन गृहस्थ फिरावयास निघाले होते. त्यांतील एक हिंदुस्थान सरकारचे वरिष्ठ अधिकारी सर जॉफ्री कॉर्बेट, आणि दुसरे मोजणीखात्यांतील मेजर केनेथ मेसन. मेसन यांनीं आदल्याच वर्षीं काराकोरमपलीकडील शाक्सगाम खोऱ्याची पाहणी केली होती. त्या दिवशींच्या संभाषणांत क्लब काढण्याचें निश्चित झालें. १७ फेब्रुवारी १९२८ रोजीं दिल्ली येथें हिमालयन क्लबची रीतसर स्थापना झाली आणि सरसेनापति फील्डमार्शल बर्डवुड हे पहिले अध्यक्ष झाले. कलकत्त्यास त्याच सुमारास कांहीं उत्साही मंडळींनीं ‘माउंटन क्लब ऑफ इंडिया’ नांवाची संस्था काढली होती. तीही लवकरच या क्लबांत विलीन झाली.

या क्लबाचे बहुतेक सभासद कोण होते, हें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ते मुख्यतः इंग्रज लष्करी अधिकारी, मुलकी अधिकारी, मोजणीखात्याचे लोक आणि जंगलखात्याचे लोक होते. त्यांना रजा मिळे, पगार मिळे, बंदूक व तंबू जवळ असत. ज्या काळांत या देशांतील हजारों माणसें सत्याग्रहाच्या चळवळींत तुरुंगांत जात होतीं, त्याच काळांत हे गृहस्थ काश्मीरपासून सिक्कीमपर्यंत हिमनद्या चढत होते. त्यांच्या उद्योगाकडे पाहून कोणाच्या मनांत हा साहेबांचा खेळ आहे असें आलें असेल तर तें वावगें म्हणतां येणार नाहीं. परंतु क्लबानें आपल्या उद्देशांत प्रवासाला साहाय्य करणें एवढेंच न घालतां शास्त्र, कला, वाङ्मय आणि क्रीडा यांच्या द्वारां हिमालयाचें ज्ञान वाढविणें हेंही घातलें. आणि ज्ञानाची एक खोड अशी आहे कीं, एकदां तें छापलें म्हणजे कोणा एका वर्गाच्या मालकीचें राहत नाहीं.

जर्नलचे पहिले संपादक मेसन हेच होते. १९२९ पासून १९४० पर्यंतचे पहिले बारा खंड त्यांनीं संपादिले. १९३२ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठांत भूगोलाचे प्राध्यापक म्हणून गेल्यावरही त्यांनीं तें काम सोडलें नाहीं. स्माइथ, शिप्टन, टिल्मन, जर्मनीचे पॉल बाउअर अशा नामांकित आरोहकांचे लेख त्यांत येत. पण मेसन यांचा खरा ओढा नकाशा, नदी आणि हिमनदी यांकडे असे. कोणत्या खिंडींतून कोणत्या महिन्यांत जातां येतें, सरपण कोठें मिळतें, घोड्यांना चारा कोठें आहे, कोणत्या पुलाचे दोर कुजले आहेत, अशा बारीकसारीक गोष्टींनाही त्यांत जागा होती. लेखांच्या मागें मोहिमांच्या टिपणी, त्यामागें दिवंगत सभासदांचीं मृत्युलेखांचीं पानें, त्यामागें ग्रंथपरीक्षणें, आणि मधूनमधून घड्या घातलेले नकाशे, अशी त्याची मांडणी असे.

पहिल्याच खंडांत मेसन यांनीं सिंधु नदीच्या पुरांवर आणि श्योक नदीच्या हिमनद्यांवर एक लेख लिहिला. विषय वरवर रुक्ष. पण त्यांत हजारों माणसांच्या जीविताचा प्रश्न होता. श्योक ही सिंधूची उपनदी. काराकोरमच्या कुशींत, लेहहून यारकंदला जाणाऱ्या काफिल्यांच्या वाटेवर, चोंग कुमदान नांवाची हिमनदी बाजूच्या दरींतून श्योकच्या पात्रांत उतरते. कांहीं वर्षें ती मागें हटलेली असते. मग एकाएकीं पुढें सरकते आणि समोरच्या कड्याला जाऊन भिडते. नदीची वाट बंद होते, मागें मैलोगणती लांबीचें तळें सांचतें, आणि एके दिवशीं बर्फाचा तो बांध फुटून सारें पाणी खालच्या दऱ्यांतून सुटतें. शेंकडों मैल दूर, अटकेजवळ राहणाऱ्या शेतकऱ्याला, आभाळ निरभ्र असतांना नदी कां चढली याचा उलगडा होत नाहीं.

अटक हें नांव मराठी माणसाच्या कानाला परकें नाहीं. १७५८ सालीं मराठी फौजा तेथपर्यंत पोंचल्या आणि ‘अटकेपार झेंडे’ हा शब्दप्रयोग भाषेंत कायमचा राहिला. त्याच अटकेजवळ १८४१ च्या जून महिन्यांत सिंधूच्या कांठीं शिखांचें सैन्य तळ देऊन होतें. एकाएकीं नदीच्या वरच्या अंगानें पाण्याची भिंतच आली आणि ती छावणी वाहून गेली. तो पूर कोठून आला याविषयीं पुढें पुष्कळ वर्षें मतभेद राहिला. नंगा पर्वताच्या पायथ्याशीं डोंगराचा कडा कोसळून सिंधूची वाट अडली होती, आणि सहा महिने सांचलेलें पाणी तो बांध फोडून निघालें होतें, हें त्याचें खरें कारण होय. डोंगर कोसळून झालेला पूर निराळा आणि हिमनदीनें वाट अडविल्यामुळें झालेला पूर निराळा. पहिला पुन्हां केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं, दुसऱ्याची चाहूल मात्र हिमनदीवर नजर ठेवल्यास आधीं लागूं शकते. जुन्या प्रवाशांचीं टांचणें, मोजणीखात्याचे नकाशे आणि पुरांच्या तारखा ताडून मेसन यांनीं हा भेद शोधला. आणि योगायोग असा कीं, पहिला खंड वाचकांच्या हातीं पडून फार दिवस झाले नाहींत तोंच, १९२९ च्या ऑगस्ट महिन्यांत, श्योकचा बर्फाचा बांध खरोखरच फुटला. या वेळीं मात्र धोका आधींच ओळखलेला होता. तळ्यावर पाळत होती आणि खालच्या लोकांना सावध करण्याची तजवीज झालेली होती. डोंगरांत हिंडणाऱ्यांचीं टांचणें मैदानांतल्या माणसाच्या कशीं उपयोगी पडतात, याचा असा दाखला पहिल्याच वर्षीं मिळाला.

तरीही या जर्नलची खरी कसोटी निराळीच होती. पर्वतावर साहेब चढत, हें खरें. पण साहेबांचे तंबू, शिधा, दोर आणि बिछाने कोण वर नेत असे? हें काम करणारी माणसें म्हणजे शेर्पा. नेपाळच्या सोलू-खुंबू भागांतील हे लोक कामाच्या शोधांत दार्जिलिंगला येत आणि तेथील तूंगसूंग बस्तींत राहत. अलेक्झांडर केलास या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांना बरोबर घेऊन सिक्कीमचीं शिखरें चढण्यास आरंभ केला, तेव्हांपासून त्यांचें कसब बाहेर दिसूं लागलें. परंतु प्रारंभींच्या लेखनांत ते बहुधा ‘कुली’ या एका शब्दांत मावत. १९२२ सालीं एव्हरेस्टवर हिमप्रपात होऊन सात हमाल दगावले. त्या मोहिमेंतील साहेबांचीं नांवें जगभर झालीं, त्या सातांचीं नांवें किती जणांना ठाऊक आहेत?

हिमालयन क्लबाच्या दार्जिलिंग शाखेनें जें काम केलें त्याचा आरंभ सोयीसाठींच झाला, ध्येयासाठीं नव्हे. मोहिमा वाढल्या, चांगला माणूस निवडावा कसा, ही अडचण पडूं लागली. त्यांत आणखी एक गंमतीची अडचण अशी कीं, शेर्पांमध्यें मुलाचें नांव पुष्कळदां जन्मवारावरून ठेवतात. रविवारचा तो निमा, सोमवारचा दावा, मंगळवारचा मिंग्मा, बुधवारचा ल्हाक्पा, गुरुवारचा फुर्बा, शुक्रवारचा पासंग आणि शनिवारचा पेंबा. एका वस्तींत दहा पासंग आणि तितकेच दावा! तेव्हां क्लबानें प्रत्येकाला एक क्रमांक आणि एक पुस्तक दिलें. त्या पुस्तकांत प्रत्येक मोहिमेच्या नायकानें शेरा लिहावयाचा. सैन्यांतील शिपायाच्या चाकरीच्या पुस्तकासारखाच हा प्रकार. पण त्यायोगें एक गोष्ट घडली. ज्याला आजवर ‘एक हमाल’ म्हणून ओळखीत, त्याची नोंद आतां वर्षानुवर्षें राहूं लागली. १९३८ च्या एव्हरेस्ट मोहिमेनंतर सर्वांत उंच तळांपर्यंत ओझें नेणाऱ्यांना ‘टायगर’ ही पदवी व बिल्ला देण्याची प्रथा पडली, आणि अशा ‘वाघां’चीं नांवें जर्नलांत छापून येऊं लागलीं. त्या पहिल्या वाघांत तेनझिंग हे नांव आहे, आंग थार्के हें आहे, आणि पासंग किकुली हेंही आहे.

या नांवांमागें काय होतें तें दोन प्रसंगांवरून कळेल. १९३४ च्या जुलै महिन्यांत नंगा पर्वतावर जर्मन मोहीम माथ्याच्या जवळ पोंचली असतां वादळ सुरू झालें. तें दिवसेंदिवस थांबेना. माघार घेतांना विली मेर्कल हे नायक, आणखी दोन जर्मन आरोहक आणि सहा शेर्पा गतप्राण झाले. या मोहिमेंत असलेले फ्रिट्झ बेख्टोल्ड यांनीं तिची हकीकत पुढच्याच वर्षीं जर्नलांत लिहिली. शेवटीं वर मेर्कल, गेले नांवाचा शेर्पा आणि आंग त्सेरिंग असे तिघेच उरले होते. मेर्कल यांना चालवत नव्हतें. आंग त्सेरिंग हिमदंशानें बधिर झालेल्या पायांनीं वादळांतून एकटा खालीं आला आणि त्यानें बातमी आणली. गेले मात्र आपल्या नायकापाशींच राहिला. चार वर्षांनीं, १९३८ सालीं, दुसऱ्या जर्मन मोहिमेला त्या दोघांचे देह एकाच ठिकाणीं सांपडले. बाजीप्रभूची घोडखिंड ज्यांनीं लहानपणीं ऐकली आहे त्यांना या निष्ठेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. पण येथें एक फरक ध्यानांत घ्यावा. गेलेचा राजा नव्हता, राज्य नव्हतें, मेर्कल त्याच्या देशाचाही नव्हता. मजुरीवर आलेला तो एक माणूस होता. मजुरीच्या करारांत प्राण देण्याचें कलम नसतें.

दुसरा प्रसंग १९३९ सालचा, के-२ शिखरावरचा. अमेरिकन मोहिमेंतील डडली वुल्फ हे गृहस्थ उंचावरच्या तळांत अडकून पडले. त्यांच्या अंगांत उतरण्याची शक्ति राहिली नव्हती. पासंग किकुली हा १९३४ च्या नंगा पर्वतावरून जिवंत परतलेल्यांपैकीं एक. त्यानें त्सेरिंग नांवाच्या सोबत्यासह पायथ्याच्या तळापासून सहाव्या तळापर्यंत, म्हणजे सुमारें सात हजार फूट, एका दिवसांत चढाई केली. पहिल्या प्रयत्नांत वुल्फ उतरावयास तयार झाले नाहींत. ३१ जुलै रोजीं किकुली, पासंग कितार आणि फिन्सू असे तिघे पुन्हां वर गेले. ते तिघेही परत आले नाहींत. वुल्फही आले नाहींत. नंगा पर्वतावर काय होतें तें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें, तो पुन्हां तशाच पांढऱ्या मरणाकडे दुसऱ्यासाठीं चालत गेला, हें वाचतांना मन अडखळतें. जर्नल नसतें तर ही गोष्ट कदाचित् एखाद्या मोहिमेच्या पुस्तकाच्या तळटीपेंत राहिली असती. तेथें ती नांवासकट राहिली.

तथापि याचा अर्थ असा नव्हे कीं, या जर्नलनें सर्वांना सारखा न्याय दिला. साहेबाचा मृत्युलेख चार पानांचा आणि शेर्प्याची नोंद चार ओळींची, असें पुष्कळदां दिसतें. शेर्प्यानें स्वतः लिहिलेला लेख प्रारंभींच्या खंडांतून शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागणें कठीण. बखर लिहिणारा ज्याच्या पदरीं असतो त्याच्याच डोळ्यांनीं पाहतो, हा नियम हिमालयांतही खोटा ठरला नाहीं. परंतु चार ओळी असणें आणि एकही ओळ नसणें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. चार ओळींवरून पुढच्या पिढीचा माणूस शोध घेत जाऊं शकतो. कोऱ्या पानावरून कोठेंच जातां येत नाहीं.

नांवांचा प्रश्न केवळ माणसांपुरता नव्हता, शिखरांपुरताही होता. के-२ हें जगांतील दुसऱ्या क्रमांकाचें शिखर. पण त्याचें नांव म्हणजे १८५६ सालीं मोजणीदार माँटगोमेरी यांनीं वहींत टिपलेली एक खूण. प्रवाशांनीं आपल्या राण्यांचीं, मित्रांचीं आणि बायकांचीं नांवें शिखरांना देण्याचा सपाटा लावला होता. काराकोरम भागांतील नांवें कशीं असावींत याचा विचार करण्यासाठीं तज्ज्ञांची एक परिषद भरली आणि तिचे निर्णय १९३८ च्या जर्नलांत प्रसिद्ध झाले. जेथें स्थानिक लोकांच्या तोंडीं नांव आहे तेथें तेंच ठेवावें, ही वृत्ति त्यांत मुख्य होती. परक्या राज्यकर्त्यांनीं पर्वताला त्याचें स्वतःचें नांव परत देऊं करावें, हा प्रकार त्या काळांत तरी थोडका म्हणतां येणार नाहीं.

१९४० नंतर युद्धामुळें जर्नल बंद पडलें आणि १९४६ सालीं तेरावा खंड निघाला. मग १९४७ आलें. इंग्रज सभासद एकामागून एक निघून गेले. नंगा पर्वत आणि के-२ सीमेपलीकडे गेले. तिबेटची वाट थोड्याच दिवसांत बंद झाली आणि नेपाळची उघडली. या धामधुमींत साहेबांबरोबर त्यांचा क्लब व त्यांचें जर्नलही जाईल, असें कोणाला वाटलें असतें तर त्यांत नवल नव्हतें. तसें झालें नाहीं. १९५१ सालीं डून स्कूलचे शिक्षक गुरदियाल सिंग यांनीं त्रिशूळ हें २३,३६० फुटांचें शिखर सर केलें, आणि भारतीयांनीं स्वतः आंखलेल्या गिर्यारोहणाला तेथून आरंभ झाला असें मानतात. दोन वर्षांनीं, २९ मे १९५३ रोजीं, एडमंड हिलरी यांच्याबरोबर एव्हरेस्टच्या माथ्यावर उभा राहणारा माणूस हा तूंगसूंग बस्तींतला, क्लबाच्या पुस्तकांत क्रमांक असलेला, १९३५ सालीं शिप्टन यांनीं प्रथम निवडलेला तेनझिंग होता. ओझें वाहणाऱ्यांच्या यादींतला माणूस माथ्यावर पोंचला. १९५४ सालीं दार्जिलिंग येथें हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट निघालें, आणि तोच तेथें इतरांना चढावयास शिकवूं लागला.

यानंतरची हकीकत मराठी वाचकाला अधिक जवळची आहे. एकोणीसशें साठच्या दशकाच्या अखेरीस जर्नलचें संपादन मुंबईकडे आलें. समुद्राच्या कांठीं, जेथें बर्फ फक्त मासळीच्या टोपल्यांत दिसतें, अशा शहरांतून हिमालयाची बखर लिहिली जाऊं लागली! सोली मेहता यांनीं तें काम हातीं घेतलें. पुढें हरीश कपाडिया यांनीं दीर्घकाळ चालविलें. त्यानंतर राजेश गडगीळ आणि नंदिनी पुरंदरे यांनीं. कपाडिया यांचे पाय प्रथम सह्याद्रींतच मुरले. हिमालयावर अनेक ग्रंथ लिहिणाऱ्या या गृहस्थांनीं सह्याद्रीच्या वाटांवरही पुस्तक लिहिलें आहे. हरिश्चंद्रगड, राजमाची, नाणेघाट येथें शनिवार-रविवारीं हिंडणारीं मुलें पुढें कुमाऊं-लडाखांत जाऊं लागलीं आणि तेथील टांचणें जर्नलांत येऊं लागलीं, याचें मूळ या मुंबईकर परंपरेंत आहे.

या काळांत जर्नलनें आणखी एक अवघड व्रत पाळलें; तें म्हणजे सत्याचें. शिखर चढल्याचा दावा करणें सोपें असतें. वर दुसरा साक्षीदार नसतो. मुंबईचे जगदीश नानावटी हे क्लबाचे एक आधारस्तंभ. छायाचित्रांतील सांवली, मागें दिसणाऱ्या शिखरांच्या रेषा आणि नकाशावरील उंची हीं एकमेकांशीं ताडून ते अशा दाव्यांची छाननी करीत. कोणाचा दावा टिकला नाहीं तर तो न टिकल्याचें सांगण्यास त्यांनीं संकोच केला नाहीं. यामुळें कांहीं जणांचीं मनें दुखावलीं असतील. पण बखरींत एकदां खोटा विजय शिरला म्हणजे खऱ्या विजयाचीही किंमत उतरते, हें ज्याला उमगलें तोच असा वाईटपणा पत्करतो.

आणि आज या जुन्या खंडांना आणखी एक मोल आलें आहे, जें मेसन यांच्या स्वप्नांतही नसेल. हिमालयांतील बहुतेक हिमनद्या मागें हटत आहेत; काराकोरमांतील कांहीं मात्र स्थिर आहेत किंवा पुढें सरकत आहेत. पूर्वीं एखाद्या हिमनदीचें मुख कोठें होतें हें जाणावयाचें असेल तर त्या वेळच्या प्रवाशाचें छायाचित्र आणि त्याचें टांचण हाच पुरावा. सियाचेन हिमनदीवर १९८४ पासून दोन देशांचीं सैन्यें समोरासमोर उभीं राहिलीं. तेथें शांतता-उद्यान व्हावें ही कल्पना कपाडिया यांनीं आग्रहानें मांडली आहे. ती सफळ होवो वा न होवो. पण ज्या हिमनदीवर मोजणीदार आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हिंडले, तिचें वर्णन शांततेच्या भाषेंतही करतां येतें, एवढी आठवण तरी या खंडांनीं जपून ठेवली आहे.

शेर्पांच्या नोंदींतील त्या चार ओळींचेंही पुढें चीज झालें. वृद्ध शेर्पांच्या, त्यांच्या विधवांच्या आणि नातवंडांच्या तोंडून आठवणी ऐकून दार्जिलिंगच्या शेर्पांचा इतिहास लिहिण्याचें काम नंदिनी पुरंदरे आणि दीपा बलसावर या मुंबईच्याच दोघींनीं केलें, आणि त्यांचें तें इंग्रजी पुस्तक २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. १९३४ च्या वादळांतून खालीं आलेला आंग त्सेरिंग २००२ सालापर्यंत जगला. म्हणजे ज्यानें गेलेला मागें ठेवून बातमी आणली, तो माणूस एकविसाव्या शतकांत दार्जिलिंगच्या उन्हांत बसलेला लोकांनीं पाहिला.

पर्वताची बखर कोणी लिहावी, या प्रश्नाचें उत्तर एवढ्यावरून मिळतें. ती प्रथम ज्याच्या हातांत लेखणी असते तो लिहितो. आणि तो आपल्यापुरतीच लिहूं पाहतो. पण त्यानें तारखा खऱ्या घातल्या, नांवें खरीं घातलीं, आणि जे परत आले नाहींत त्यांना वगळलें नाहीं, तर ती बखर हळूहळू त्याच्या हातून निसटते आणि ज्यांची होती त्यांच्याकडे परत जाते. वारावरून ठेवलेल्या नांवांचीं माणसें हिमालयांत पुष्कळ झालीं. त्यांतला कोणता पासंग के-२ वर दुसऱ्याला आणावयास वर गेला, हें मात्र लिहिलेलें आहे. म्हणून तो शुक्रवारीं जन्मलेल्या असंख्यांतला एक न राहतां पासंग किकुली म्हणून राहिला आहे.